फाईल उघडायची नसते

गायकवाड मॅडम आवडाव्यात असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि आपण कुणाला आवडावं अशी त्यांचीही इच्छा नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली त्यांच्याबद्दल जो तो हळहळून बोलतो. ज्यांनी त्यांना घालवलं ते तर जास्तच हळहळतात. "फार हुशार बाई हो, पण जमवून घेता आलं नाही," असं म्हणतात आणि पुढचा चहा मागवतात. मला तो चहा कडू लागतो.

आमची संस्था सिकलसेलची तपासणी करायची. त्र्यंबकच्या पलीकडे, हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर जाऊन लोकांचं रक्त घ्यायचं, ते नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये आणायचं, आणि निकालाचं कार्ड घरोघरी पोचवायचं. सिकलसेल हा रक्तातून, आईबापांकडून येणारा आजार. अर्धाच दोष असला तर माणूस ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणायचं आणि पिवळं कार्ड द्यायचं. दोष नसेल त्याला पांढरं कार्ड. दोन पिवळ्यांचं लग्न झालं तर मात्र पोटच्या पोराला तो पुरता होऊ शकतो. मग हाडांतल्या कळा, रक्त चढवणं, जन्माचा दवाखाना. मॅडम त्या लॅबच्या प्रमुख होत्या आणि मी संस्थेची पत्रकं, पोस्टर, अहवाल लिहिणारा माणूस. त्या मला 'लेखक' म्हणायच्या. त्यात कौतुक नसायचं.

त्यांची माझी पहिली भेट भांडणानंच झाली. अहवालासाठी आकडे हवे होते म्हणून मी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर मशीनची फाईल सरळ दोनदा टिचकी मारून उघडली. मागून आवाज आला, "कोणी डबल क्लिक केलं?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"बंद करा. सेव्ह करू का विचारेल. नाही म्हणा. नाही म्हणा म्हटलं ना!"

मग त्यांनी स्टूल ओढलं, पायातल्या चपला टेबलाखाली सारल्या (बसल्या की त्या आधी चपला काढायच्या, मग बोलायच्या) आणि मला शिकवलं. रक्ताच्या प्रत्येक नळीवर एक कोड असतो. आधी पाड्याचा नंबर, मग माणसाचा. पाचव्या पाड्यावरचा बारावा माणूस म्हणजे ५-१२. मशीन हा कोड जसाच्या तसा फाईलीत लिहून देतं. पण ती फाईल एक्सेलमध्ये नुसती उघडली की एक्सेलला वाटतं, ही तारीखच. मग तो ५-१२ ची पाच डिसेंबर करून मोकळा होतो. कोडाच्या पुढे शून्य असेल तर ते गिळतो. आणि हे सगळं मुकाट्यानं. ना विचारणं, ना सांगणं.

"म्हणून आधी कोरं पान उघडायचं. मग डेटामध्ये जाऊन फाईल मागवायची. कोडाचा रकाना निवडायचा आणि तिथं सांगायचं, हा मजकूर आहे. टेक्स्ट. नंबर नाही, तारीख नाही. मगच पुढे जायचं. फाईल उघडायची नसते, लेखक. आत घ्यायची असते."

"फरक काय?"

"दार ढकलून कोणी घरात शिरलं आणि आपण कोणी घरात घेतलं, यात काय फरक असतो?"

एक्सेलला त्या 'तो शहाणा' म्हणायच्या. कुठं काही बिघडलं की पहिला प्रश्न, "त्या शहाण्याला कुणी विचारलं होतं?" कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर त्यांच्या हातची पाटी होती: डबल क्लिक करू नये. खाली कुणीतरी पेन्सिलीनं 'हुकुमावरून' असं जोडलं होतं. त्यांनी ते खोडलं नाही. त्यांना तो विनोद कळलाच नसावा, किंवा पटला असावा.

माणूस म्हणून त्या कठीणच. नोंदी करणाऱ्या एका बाईचं एक शून्य राहिलं म्हणून त्यांनी तिला सगळ्यांसमोर इतकं फैलावर घेतलं की ती संडासात जाऊन रडली. मी म्हटलं, "मॅडम, एक शून्यच होतं." तर म्हणाल्या, "माझे मिस्टर ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणीवर आहेत. तिकडे एका स्क्रूच्या नंबरातलं शून्य गळलं तर विमान जागचं हलू देत नाहीत. आपल्याकडे नुसती माणसं आहेत, म्हणून चालतं."

मुद्दा बरोबर होता. पण त्या बाईची माफी त्यांनी मागितली नाही ती नाहीच.

त्यांचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. त्यांचं जुनं पुरुषी घड्याळ मॅडम मनगटावर बांधायच्या. ते सैल असल्यामुळे हात हलवला की घरंगळत कोपरापर्यंत जायचं. रविवारी मिसळ खायच्या, ती इतकी जाळ की डोळ्यांतून धारा लागायच्या, आणि सोमवारी सांगायच्या, "काल छान रडले." एरवी त्यांना रडताना कोणी पाहिलं नाही. मीही नाही, अगदी पुढं जे झालं त्यातसुद्धा.

एकदाच त्या स्वतःबद्दल काही बोलल्या. नाशिकरोडहून रोजचं येणं-जाणं दमवायचं म्हणून त्यांना ऑफिसजवळ भाड्यानं घर हवं होतं. एक घर मी सुचवलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "झालं का काम?"

"झालं होतं. मालकीणबाईंनी चहा केला. गायकवाड म्हटल्यावर त्यांनीच ठरवून टाकलं आम्ही कोण ते. आपल्यातल्याच निघालात म्हणे. गाव कोणतं, देवक कोणतं, सगळं त्याच बोलत होत्या. मी म्हटलं, आम्ही बौद्ध. तर म्हणाल्या, अगंबाई, पण घर तर काल एकाला सांगून बसलोय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. चहा संपवला. चांगला होता." मग घड्याळ खाली ओढत म्हणाल्या, "मला तशी ती बाई नवीन नाही. रोज भेटते."

मला तेव्हा राग आला होता, घर मीच सुचवलं होतं म्हणून. त्यांना आला असेल तर त्यांनी दाखवला नाही. दुपारी मात्र कॉम्प्युटरसमोर बसून त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, "मजकूर म्हणजे मजकूर. लिहिलंय ते वाच ना बाबा."

कोड बदलावेत म्हणून त्यांनी कामाच्या सुरुवातीलाच आग्रह धरला होता. पाड्याच्या नंबराआधी एक अक्षर लावा, 'प' म्हणा की इंग्रजी पी म्हणा. अक्षर असलं की तो शहाणा तारीख करू शकत नाही. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमचे संचालक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो, ते हसले. सर मोठे सौजन्यशील. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मॅडम, फॉर्म छापून आलेत. स्टिकर छापून आलेत. एका अक्षरासाठी सगळं रद्दीत घालायचं?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

सगळे हसले. सरही हसले. विषय संपला.

त्यानंतर मॅडमनी आपल्यापुरती तटबंदी केली. लॅबच्या कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. फाईल हवी असेल तर त्यांच्याकडे मागायची, त्या आत घेऊन, तपासून देणार, आणि देताना चार शब्द सुनावणार. मग लोक मागेनासे झाले. मशीनमधून पेनड्राइव्हवर परस्पर फाईल काढून घ्यायची सोपी युक्ती कुणाला तरी सापडली आणि ती ऑफिसभर झाली. मॅडमनी दार इतकं घट्ट लावलं की लोक खिडकीनं येऊ लागले. हे मी त्यांच्या बाजूचा असूनही लिहितो.

आता हिरा आणि यमुनेचं सांगायला हवं.

हिरा बाराव्या पाड्यावरची, यमुना पाचव्या पाड्यावरची. हिराची सोमनाथ नावाच्या मुलाशी सुपारी फुटली होती. सोमनाथ वाहक होता, त्याच्याकडे जुनं पिवळं कार्ड होतं. त्या वर्षी संस्थेनं मोहीम काढली: लग्न ठरवण्याआधी कार्ड बघा. तिचं घोषवाक्य माझं होतं. 'आधी कार्ड, मग अक्षता.' सरांना फार आवडलं. पोस्टर लागली, जीपवर भोंगा लागला, आणि पाहुणे येणार त्या कार्यक्रमात नवी कार्डं वाटायचं ठरलं. हिराच्या हातात पिवळं कार्ड पडलं. यमुनेच्या हातात पांढरं.

आमच्या लोकांनी दोन्ही घरांना समजावलं. पिवळ्याशी पिवळं नको. हिराची सुपारी मोडली. पुढं सोमनाथच्या घरच्यांनी पांढरं कार्ड असलेली मुलगी शोधली, ती यमुना. या लग्नाला सर स्वतः गेले. मुंडावळ्या बांधलेले दोघं आणि दोघांच्या हातात एकेक कार्ड, पिवळं आणि पांढरं, असा फोटो काढला. तो पोस्टरवर आला, कॅलेंडरवर आला, अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. खाली माझी ओळ. हिराचा फोटो कुठं नव्हता. मोडलेल्या सुपारीचा फोटो कोण काढतो?

लग्नानंतर वर्षभरात यमुनेला दिवस गेले. सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी होते, तसं तिचं रक्त घेतलं आणि ते खात्री करायला आमच्याकडे आलं. मॅडमनी मशीन लावलं. वाहक. नळी बदलली असेल म्हणून पुन्हा रक्त मागवलं. वाहक. मग त्यांनी मशीनमधली जुनी मूळ फाईल काढली, नीट आत घेतली, आणि यमुनेच्या कोडापुढचा, म्हणजे ५-१२ पुढचा, निकाल वाचला. तिथंही वाहकच लिहिलं होतं. आधीपासून. मशीन चुकलं नव्हतं, कार्ड चुकलं होतं.

मग त्यांनी शोध काढला, आणि तो काढायला त्यांना फार वेळ लागला नाही. कार्डं छापायची घाई होती. आमचे अकाउंटंट आहेर यांनी मॅडमची बोलणी नकोत म्हणून पेनड्राइव्हवर फाईल घेतली आणि सरांच्या लॅपटॉपवर उघडली. डबल क्लिक. तो लॅपटॉप सरांच्या मुलानं अमेरिकेहून आणलेला. तिकडं तारखेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. त्यामुळे त्यातल्या शहाण्यानं ५-१२ चे बारा मे केले आणि १२-५ चे पाच डिसेंबर. रकानाभर तारखा बघून आहेर घाबरले आणि त्यांनी त्या हातानं पुन्हा कोड केल्या, आपल्या सवयीप्रमाणे. बारा मे म्हणजे १२-५. पाच डिसेंबर म्हणजे ५-१२. काही ठिकाणी विसाव्या, पंचविसाव्या पाड्याचे कोड तयार झाले. एवढे पाडेच नव्हते, म्हणून ते त्यांनी उलटून सरळ केले. पण बारावा पाडा होता. तिथं काही अडलं नाही, म्हणून ते पुढं गेले. पाचव्या पाड्यावरच्या यमुनेचा निकाल बाराव्या पाड्यावरच्या हिराच्या, म्हणजे १२-५ च्या, नावावर गेला, आणि हिराचा यमुनेच्या.

अदलाबदल आणखीही झाली होती, पण त्यांत दोन्हीकडे पांढरंच होतं. बिघडलं ते या दोघींचं.

"मॅडमना विचारायचं म्हणजे..." आहेर एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्या ऑफिसात वाईट माणूस कोणीच नव्हता, हेच तर मला अजून गिळवत नाही.

"कार्डांवर सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "ऐन कार्यक्रमाच्या सकाळी गठ्ठा आणला तुम्ही. मी मधली मधली काढून ताडून बघितली. ती बरोबर निघाली. सगळी बघायला हवी होती. सही माझी आहे."

बैठक सरांच्या केबिनमध्ये झाली. भिंतीवर कॅलेंडर होतंच, यमुना आणि सोमनाथचं.

"आपण हे शांतपणे हाताळू," सर म्हणाले.

"शांतपणेच सांगते, सर. यमुनेला तिसरा महिना लागलाय. नवरा-बायको दोघं वाहक. पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईत होते, पण ती आत्ताच व्हायला हवी. नंतर कळून उपयोग नाही."

"चारातलं एखादंच मूल तसं निघतं, हे तुम्हीच शिकवता ना आम्हाला? तीन वेळा तरी काही होत नाही."

"हे मी तिला सांगेन. मग काय करायचं ते ती ठरवेल. आपण कसं ठरवणार?"

"बाळंतपण होऊ द्या. बाळाची सगळी तपासणी आपण करू. आत्ता हे बाहेर गेलं तर एकही पाडा रक्त देणार नाही. एका नावासाठी एवढ्या वर्षांच्या कामावर पाणी सोडायचं का, सांगा मला."

"दोन नावं, सर. एक हिरा."

"कोण हिरा?" सरांनी खरंच विचारलं. त्यांना आठवत नव्हती.

समिती बसेल असं ठरलं. मॅडम बाहेर आल्या, चपला घालायला विसरून तशाच जिन्यापर्यंत गेल्या, परत आल्या आणि मला म्हणाल्या, "लेखक, तुमचं तिकडं जाणं-येणं आहे. हरसूलचा बाजार कधी असतो?"

बाजाराच्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. हिरा आईबरोबर बाजारात नागली आणि उडीद घेऊन बसली होती. मॅडम त्यांच्यासमोर मातीत बसल्या, पर्समधून पांढरं कार्ड काढलं आणि सरळ सांगितलं. चूक आमची होती. तुला काही नाही. पहिल्यापासून काही नव्हतं.

हिरानं कार्ड घेतलं नाही. आईनं घेतलं, उलटंसुलटं केलं.

"मंग मला काय बी नाय?" हिरानं विचारलं.

"नाही."

"नक्की नाय?"

"नक्की नाही. पुन्हा रक्त घेऊन मी स्वतः करून देते."

हिरा हसली. ते हसणं मला अजून आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. "लय उशिरा सांगितलं, बाई. आता हे दावू कोनाला? समद्या गावानं मला खराब रगताची म्हनून घेतलं. दोन ठिकानी बोलनं लागलं, दोनी ठिकानी इचारलं, कार्ड कोनतं."

आई म्हणाली, "उठा आता. गिऱ्हाईक यायची वेळ हाय." कार्ड तिनं नागलीच्या गोणीखाली सारलं.

सोमनाथच्या घरी मॅडमनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. यमुना भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडाशी धरून. सोमनाथ ऐकून घेत होता. त्याची आई चुलीपुढून उठून आली.

"मंग त्या हिराची सुपारी कशापायी मोडली? ती चांगली व्हती ना? चांगली मोडली अन् हिला आनली. तुमीच सांगितलं, हिला आना. तुमच्या सायबानं फोटू काढला."

"हो," मॅडम म्हणाल्या. "आम्हीच सांगितलं."

"हिचं पयलं कार्ड खोटं, मंग हे बी खोटं नसंल कशावरून?"

मॅडमनी मुंबईच्या तपासणीचं सांगितलं. मी स्वतः बरोबर येते, जाण्या-येण्याचं, राहण्याचं मी बघते. सोमनाथ उठला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"बाई, तुमी रगत मागितलं, दिलं. कार्ड दिलं, घेतलं. मोड म्हनालात, मोडलं. कर म्हनालात, केलं. आता पोटातलं बी तपासायला द्या म्हनता. कोनता कागद खरा धरायचा आमी? आता काय बी नको. जाव तुमी."

आम्ही उंबऱ्याबाहेर पडलो तेव्हा यमुनेनं मागून विचारलं, "बाई, त्याला लय दुखंल का वं?"

मॅडम वळल्या. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं, हे मी सांगायला नको. "कदाचित काहीच होणार नाही," त्या म्हणाल्या. "झालं तर दुखेल. मी असेन."

मॅडम त्यानंतरही दोनदा तिकडं जाऊन आल्या. दोन्ही वेळा सोमनाथनं दारातूनच परत पाठवलं, आणि तपासणीची वेळ निघून गेली.

त्याआधीच मॅडमच्या टेबलावर पत्र आलं होतं. रुग्णांची खाजगी माहिती परवानगीशिवाय उघड केली, हा ठपका. ज्यांची माहिती त्यांनाच ती सांगितली, हे उघड करणं झालं. पत्राची भाषा फार सभ्य होती. मॅडमनी ते वाचलं, घडी घातली, आणि पोचपावतीवर सही करताना एवढंच म्हणाल्या, "ही पण सही माझीच." खुलासा लिहिला नाही. माझं असं म्हणणं पडलं की लिहा, मी मदत करतो, भाषा मी बघतो. "भाषाच बघा तुम्ही," त्या म्हणाल्या. मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

समितीनं त्यांना कामावरून काढलं. निरोप कुणी दिला नाही. पाटी दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढली. भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले. पुढं कधीतरी मीही ती नोकरी सोडली. माझ्या सोडण्यानं कुणाचं काही अडलं नाही.

मॅडम नंतर कुठंतरी एका खाजगी लॅबमध्ये लागल्याचं ऐकलं होतं. भेट झाली नव्हती. मग परवा, म्हणजे या हिवाळ्यात, माझ्या मेहुण्याला सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा त्या दिसल्या. बाहेरच्या वऱ्हांड्यात, सिकलसेलचे पेशंट बसतात तिथं. भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. केस पिकले होते, घड्याळ तेच, कोपराकडं घरंगळलेलं. समोरच्या बाकावर यमुना बसली होती. मांडीवर मुलगी, दोनेक वर्षांची, हातापायांचे पंजे सुजलेले. ती मोठ्यानं रडत नव्हती. रडून दमल्यावर मुलं करतात तसा एकसुरी आवाज काढत होती.

हा पुरता सिकलसेल, हे पंज्यांवरूनच कळत होतं. विचारण्यासारखं काय राहिलं होतं?

"काय, लेखक," मॅडम म्हणाल्या.

"सोमनाथ?"

"कामाला गेलाय गुजरातकडं. हिला महिन्याला मी आणते. आता येऊ देतात मला." मुलीकडं बघत म्हणाल्या, "रात्रीपासून दुखतंय. आज रक्त चढवतील."

"आणि हिरा?"

"गेल्या वर्षी दिली. नवऱ्याची पहिली बायको वारलेली. कार्ड विचारणार नाही असाच माणूस शोधला." त्यांनी घड्याळ खाली ओढलं. "मी जाऊन आले होते. बरी आहे म्हणाली."

बाकावर यमुनेशेजारी जागा होती. मी म्हटलं, "मॅडम, बसा की. किती वेळ उभ्या आहात?"

"नको. इथंच ठीक आहे."

"अहो, जागा आहे."

"म्हटलं ना, नको." तोच जुना आवाज. त्या पाय बदलत होत्या, मध्येच गुडघा दाबत होत्या, पण भिंतीपासून सरकत नव्हत्या. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकायला मी गेलो तर त्यांनी मला हातानंच दूर केलं. मला वाटलं, राग अजून गेलेला नाही, आणि मी मुकाट्यानं समोर उभा राहिलो.

आतून पुकारा झाला. यमुना मुलीला खांद्यावर घेऊन उठली. मॅडम तशाच उभ्या राहिल्या, तिची पाठ दाराआड होईपर्यंत. मग भिंतीपासून सुटल्या आणि लंगडत तिच्या मागं निघाल्या.

त्या उभ्या होत्या तिथं भिंतीवर आमचं पोस्टर होतं. रंग उतरलेला, पण चेहरे स्पष्ट होते. मुंडावळ्या बांधलेली यमुना हसत होती आणि तिच्या हातात पांढरं कार्ड होतं. खाली माझी ओळ.

दाराशी पोचलेल्या मॅडमनी वळून पाहिलं. मी काय वाचतोय ते त्यांना कळलं.

"काढा म्हणून अर्ज दिलाय मी," त्या म्हणाल्या. "वरून आदेश यायचाय. तोवर उभं राहायचं."

आणि त्या आत गेल्या.